भाजीत वाचले तीनशे, कार्डात गेले सतराशे

प्रश्न : आम्ही मोशीत राहतो. मिस्टर भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहेत, हातात ३१,००० येतात. मी घरी शिवणकाम करते, त्याचे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास होतात. घरात सासूबाई (वय ६८) आणि दोन मुलं, एक सातवीत, एक तिसरीत. फ्लॅटचं कर्ज २०१७ मध्ये बँकेकडून घेतलं, हप्ता ९,८००. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना १,८०० लागतात. सगळं जाऊन महिनाअखेरीस सहा-सातशे रुपये उरतात.

मी उधळी नाही. भाजी रात्री साडेनऊनंतर आणते, तेव्हा स्वस्त देतात. अंडी बंद केली. रात्री फ्रिज बंद करून झोपते. मे महिन्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरले, तिखट-हळद घरी केली, त्याचे ९,००० झाले. तरी वर्षभरात एकामागून एक खर्च अंगावर आले. फ्रिजचा कॉम्प्रेसर ६,५००, गाडीचं इंजिनकाम ९,०००, सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू ३२,०००, सोसायटीचं वॉटरप्रूफिंग १५,०००, महावितरणचं जादा सुरक्षा ठेवीचं बिल ९४०, अधिक महिन्यात जावयांचं वाण ४,५०० आणि जूनमध्ये मुलांची फी-पुस्तकं २८,०००. माझी ४५,००० ची ठेव मोडली. मिस्टरांच्या क्रेडिट कार्डावर ४२,००० आहेत, दर महिन्याला कमीत कमी रक्कम २,१०० भरतो.

माझ्या पाटल्या आहेत, पण घरातलं सोनं गहाण टाकायचं नाही असं सासूबाईंचं म्हणणं. दोन हजारांची, बारा जणींची भिशी तीन महिन्यांत संपेल, माझा नंबर लागायचाय. त्यातून पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, १४,००० ला मिळतंय. ते पैसे आता कार्डात भरू का? फोनवर 'पाच मिनिटांत पन्नास हजार' अशा जाहिराती येतात, ते घेऊ का? डिसेंबरात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, मामा-मामीकडून मोठ्या आहेराची अपेक्षा आहे. मिस्टर हिशेब म्हटलं की चिडतात. अजून कशात काटकसर करू?
— एक वाचक, मोशी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कशातच नाही. भाजी, अंडी, वीज या बाजूनं आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही. अंडी तर पुन्हा सुरू करा. वाढत्या वयाच्या दोन मुलांच्या घरात ती बंद करून जे चार-पाचशे वाचतात, त्यांनी तुमचा प्रश्न सुटत नाही. महिनाअखेरी उरणारे सहा-सातशे आधी तिकडे जाऊ देत.

तुमचे पैसे दुसरीकडे गळताहेत. कार्डाच्या थकबाकीवर बँका साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. ४२,००० वर ते झालं १,४७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २६५. तुम्ही भरता २,१००, त्यातले १,७३५ व्याज आणि करात जातात आणि मुद्दल कमी होतं अवघं ३६५ रुपयांनी. रात्री साडेनऊला मंडईत जाऊन तुम्ही महिन्याला तीनशेएक रुपये वाचवत असाल. घरातल्या सगळ्यांनी मिळून पोटाला चिमटा काढला तरी कार्डाचं एका महिन्याचं व्याज त्यातून निघत नाही. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर काही नवीन घेतलं, तर त्याला ते नेहमीचे बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होतं. हे मिस्टरांना माहीत आहे का, विचारा. अनेकांना नसतं.

दर महिन्याला नेमानं २,१०० भरलेत आणि कार्डावर एक रुपयाही नवा टाकला नाहीत, तरी हे फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. बिलावरची कमीत कमी रक्कम थकबाकीबरोबर थोडी थोडी घटत जाते. तेवढीच भरत गेलात तर किती वर्षं जातील, ते सांगून तुम्हाला घाबरवत नाही.

तेव्हा पाटल्या बाहेर काढा. सासूबाईंचं मन मोडायचं नाही, हे मला समजतं. त्यांच्या पिढीनं सावकाराकडे गेलेलं सोनं परत न आलेलं पाहिलंय, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाही. पण राष्ट्रीयीकृत बँकेत पाटल्या ठेवून ४२,००० घेतलेत आणि व्याज वर्षाला बारा टक्के धरलं, तरी महिन्याचं व्याज ४२० होतं. सध्या जे २,१०० कार्डाला जातात तेच तिकडे भरलेत तर दोन वर्षांच्या आत कर्ज संपतं आणि पाटल्या घरी येतात. सासूबाईंना हा १,७३५ आणि ४२० चा हिशेब कागदावर लिहून दाखवा. दोन्ही आकडे त्यांच्यासमोर आले की सोनं ठेवणं हा नाइलाज कशासाठी आहे ते त्यांना कळेल. चोरून मात्र ठेवू नका.

बँकेत जाताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पावतीवर दागिन्याचं वजन आणि शुद्धता लिहिलेली हवी. आणि दरमहा मुद्दल भरता येईल अशाच प्रकारचं कर्ज मागा. बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीला सगळं एकदम भरायचं अशी सोय देतात, त्यात माणूस वर्षभर निर्धास्त राहतो आणि मग नूतनीकरण करत बसतो. तुमच्यासारख्या घराला ती सोय सोयीची नाही. हातात आलेले पैसे त्याच दिवशी कार्डात भरा, एक दिवसही घरात ठेवू नका. कार्ड बंद करायलाच हवं असं माझं म्हणणं नाही, पण बँकेला सांगून त्याची मर्यादा दहा हजारांवर आणून ठेवा.

पाच मिनिटांत पन्नास हजार देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यातले काही ॲप रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या संस्थांचे असतात, काहींच्या मागे कोण आहे हेच सापडत नाही. नोंदणीवाल्यांचं व्याजही सोनेतारणाच्या पुढे जड पडतं. आणि दुसऱ्या प्रकारचे ॲप फोनमधली नावं-फोटो मागून घेतात आणि हप्ता चुकला की तुमच्या माहेरी फोन करतात.

आता भिशी. कार्ड पाटल्यांवर फिटलं की भिशीच्या २४,००० ची घाई उरत नाही, आणि म्हणूनच मशीनचा विचार करता येतो. बारा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून चालतं काम वाढवणं मला चुकीचं वाटत नाही. मात्र मशीन आल्यावर गिऱ्हाईक येईलच असं धरून चालू नका. पुढचे दोन महिने पिको-फॉलच्या साड्या घ्यायला सुरुवात करा आणि ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्याकडून करून घ्या. तुम्हाला साडीमागे थोडेच सुटतील, पण महिन्याला किती साड्या येतात ते दिसेल. दहा-बारा आल्या तर मशीन पडून राहील, तीस-चाळीस आल्या तर निर्धास्त घ्या. साड्या आल्या नाहीत तर ते १४,००० सोनेतारणात भरा. मधल्या काळात भिशीचा लिलाव होत असेल तर घाईनं बोली लावून कमी पैशांत उचलू नका, तीन महिने थांबा. उरलेले १०,००० मात्र कर्जातही नाही आणि मशीनलाही नाही. ते वेगळ्या बचत खात्यात राहू देत, ज्याचं एटीएम कार्ड कपाटात असेल. ते नसले तर पुढच्या वेळी गाडी बंद पडल्यावर पुन्हा मर्यादेपर्यंत क्रेडिट कार्डच घासलं जाईल आणि आपण आहोत तिथेच.

आता तुमची ती सात खर्चांची यादी. बेरीज ९६,००० च्या घरात जाते. त्यातले खरोखर कुणाला सांगता न येणारे किती होते? शाळेची फी दर जूनला येते. अधिक महिना पंचांगात कितीतरी आधी छापलेला असतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण झाला, २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, अगदी फीच्या तोंडावर. महावितरण वर्षातून एकदा तुमच्या वापराच्या सरासरीवरून ठेव मोजतं आणि कमी पडत असेल तर फरकाचं वेगळं बिल पाठवतं. ते सहा हप्त्यांत भरता येतं, आणि त्या ठेवीवर वर्षाला व्याजही तुमच्या बिलात वळतं होतं. हे तिन्ही दिवाळीसारखेच, तारीख माहीत असलेले. गाडी आणि फ्रिज यांची तारीख माहीत नसते, पण नऊ-दहा वर्षांच्या वस्तू वर्षातून एकदा काहीतरी मागणार हे धरूनच चालायचं.

फ्रिजबद्दल एक विचारते. पावती आहे का? बऱ्याच कंपन्या पूर्ण फ्रिजची हमी एक वर्षाची देतात, पण कॉम्प्रेसरची वेगळी दहा वर्षांची. तशी असेल तर सुटा भाग फुकट मिळतो, गॅस भरणं आणि मजुरी एवढंच द्यावं लागतं. पैसे देऊन झाले असले तरी कंपनीच्या सेवा केंद्रात पावती घेऊन एकदा विचारून या. आणि रात्री फ्रिज बंद करणं सोडा. वीज नावाला वाचते आणि उन्हाळ्यात दूध नासलं की त्या महिन्याची सगळी बचत गेली.

सोसायटीच्या १५,००० चा मला जास्त राग आला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवायचे पैसे) आणि पाऊण टक्का दुरुस्ती-देखभाल निधी दरवर्षी जमा करायचा असतो. तो नीट जमला असता तर वॉटरप्रूफिंगसाठी एकदम एवढी रक्कम मागायची वेळ सहसा येत नाही. मेंटेनन्स दोनशेनं कमी ठेवल्याबद्दल सभेत टाळ्या घेणारी कमिटी पुढच्या दाराने पंधरा हजार मागते. पुढच्या वार्षिक सभेला मिस्टरांना पाठवा, नाहीतर स्वतः जा, आणि या दोन निधींत किती शिल्लक आहे ते विचारा. हप्ते करून मागायला लाजू नका, सोसायटीत तुमच्यासारखी आणखी घरं असणारच.

मोतीबिंदू हा यातला एकमेव खर्च, ज्याबद्दल पुढच्या वेळी वेगळा रस्ता धरता येईल. दुसऱ्या डोळ्यालाही लागणार असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा, किती दिवस थांबता येईल. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. तुम्हाला औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम जवळ आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात जाऊन चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांनाही दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याला उत्पन्नाची अट आहे, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात कागद दाखवावे लागतात. त्या अटीत बसता की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. सासूबाई सत्तरच्या झाल्या की त्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड मिळेल, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं. त्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे ना, ते आत्ताच तपासून ठेवा. वयाचा पुरावा आधारवरूनच धरतात आणि त्या पिढीत ती तारीख बऱ्याचदा अंदाजानं टाकलेली असते.

गोळ्यांचे १,८०० हे तुमच्या महिन्यातलं सगळ्यात सहज कमी होणारं कलम आहे. डॉक्टरांकडे चिठ्ठी घेऊन जा, औषधाचं मूळ नाव लिहून मागा, आणि जनऔषधी केंद्रातून घेतली तर चालतील का ते विचारा. बीपी-शुगरची नेहमीची औषधं तिथे बाजारातल्या नावाजलेल्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टर हो म्हणाले तर महिन्याला आठ-नऊशे सुटतील. आपल्या मनानं बदल करू नका, एवढंच.

घराच्या हप्त्यातूनही थोडं निघेल. २०१७ चं कर्ज म्हणजे ते बहुधा जुन्या एमसीएलआर पद्धतीवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, असणार. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याच्याशी), जोडावी लागतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला. नव्या पद्धतीच्या कर्जदारांना त्याचा फायदा लवकर मिळाला, जुन्यांना उशिरा आणि अर्धवट. शाखेत जाऊन आपला आजचा दर काय आणि नव्या कर्जदाराला काय देता, एवढे दोन प्रश्न विचारा. थोडं शुल्क भरून पद्धत बदलता येते. सात-आठ लाख बाकी असेल आणि पाऊण-एक टक्क्याचा फरक पडला तर हप्ता तीन-चारशेनं उतरतो. बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. एरवी मी तेच करा म्हणाले असते, पण तुमच्या घरात सध्या महिन्याला हातात पैसे हवेत, म्हणून हप्ता कमी करून मागा.

आता हे सगळं जोडू. फी २८,०००, दिवाळी ८,०००, घरपट्टी आणि गाडीचा विमा मिळून साडेपाच हजार, महावितरण हजार, लग्न-वाण पाच हजार, गाडी-फ्रिज-नळ-वायरिंगसाठी आठ हजार. एकूण ५५,५००. तुमच्या फीचा आणि बिलाचा आकडा खरा आहे, बाकीचे मी अंदाजानं धरलेत, तुम्ही आपले घाला. मिस्टरांना दिवाळीला बोनस मिळत असेल, तो पत्रात लिहिलेला नाही. वीस हजार धरू. राहिले ३५,५००, महिन्याला तीन हजारांच्या आत. तीन महिन्यांनी भिशी संपते, ते दोन हजार मोकळे होतात. औषधातून आठशे, हप्त्यातून तीनशे. जमतंय, अगदी काठावर. पण त्यासाठी नवी भिशी सुरू होते तेव्हा तुम्हाला नाही म्हणावं लागेल आणि बोनस दिवाळीत उडवायचा नाही. हे दुसरं मला भिशीपेक्षा अवघड वाटतं.

हे पैसे बँकेत एक वर्षाच्या आवर्ती ठेवीत टाका, अशी की मुदत मे महिन्याच्या शेवटी संपेल. पोस्टाची आवर्ती ठेव चांगलीच, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही, फीसाठी उपयोग नाही. कोपऱ्यावरची पतसंस्था अर्धा टक्का जास्त देत असेल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तीन हजारांच्या ठेवीवरच्या अर्ध्या टक्क्याला वर्षाचे शंभर रुपयेसुद्धा मिळत नाहीत.

वर्षाचं धान्य भरण्याबद्दल लिहू की नको असं झालं होतं, कारण ते केल्याचा तुम्हाला अभिमान आहे आणि तो असावाच. पण मे महिन्यात ९,००० रोख गव्हात घातले आणि त्याच्या पुढच्या महिन्यात गरज पडली म्हणून तेवढेच कार्डावर राहिले, तर त्यावर महिन्याला ३७० रुपये व्याज बसतं. घाऊक खरेदीत वर्षाला हजार वाचले असं धरलं तरी ते तीन महिन्यांत संपले. धान्य भरण्याची रीत सुगीचा पैसा हातात येणाऱ्या घरांची आहे. तुमच्या घरात पैसा दर महिन्याला येतो आणि सगळ्यात मोठा खर्च जूनमध्ये. तिखट-हळद करा, गहू मात्र तीन-तीन महिन्यांचे भरा, निदान कर्ज फिटेपर्यंत.

मिस्टर हिशेब म्हटलं की चिडतात, कारण हिशेब बहुतेक घरांत महिन्याच्या पंचविशीला निघतो, तेव्हा तो हिशेब राहत नाही, आरोप होतो. पगार झाल्यावर पहिल्या रविवारी, सासूबाईंनाही बसवून, पंधरा मिनिटं. कार्डावर खर्च झाला तो फ्रिज, गाडी आणि त्यांच्या आईच्या डोळ्यासाठी, मौजेसाठी नाही, हे आधी मोठ्यानं म्हणा. मग १,७३५ चा कागद पुढे ठेवा. तुम्ही पैसे पुरवून वापरत नाही असं सासूबाईंना वाटत असेल, तर तेही तो कागद पाहून कमी होईल.

राहिलं लग्न. मोठा आहेर उसन्या पैशानं करू नका. नणंदेला आत्ताच, डिसेंबरची वाट न बघता, सांगा की नवरीचे आणि तिच्या आईचे ब्लाऊज मी शिवून देते, आणि मशीन आलं तर त्यांच्या साड्यांचं पिको-फॉलही. लग्नाच्या हंगामात बाहेर त्याला किती पडतात हे तिला ठाऊक आहे. सोबत दोन हजारांचं पाकीट आणि सासूबाईंच्या हातून साडी. मापं नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच घ्या, शेवटच्या आठवड्यात तुमचंच गिऱ्हाईकाचं काम तुंबलेलं असेल.